सात नंबरचा दंडुका

अकरा वाजता पाहुणे येणार म्हणून आत्यानं रविवारी सकाळी स्वयंपाकघरातली खिडकी पुसायला घेतली, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं. एरवी आत्या खिडक्या पुसणाऱ्यांपैकी नव्हे. ती ट्रामच्या वरच्या तारा दुरुस्त करणाऱ्या टोळीची मुकादम. शिडीच्या गाडीवर उभं राहून अख्ख्या शहराकडे वरून बघायची तिला पंचवीस वर्षांची सवय, आणि घरातल्या धुळीकडेही ती त्याच उंचीवरून बघत असे. पण भाचीचं लग्न ठरायला आलं होतं. मुलाकडची मंडळी पहिल्यांदाच घरी येणार होती. त्यांनी घर काळोखं आहे असं म्हणू नये, एवढाच तिचा हेतू.

ही खिडकी वर सरकवायच्या जातीची. सरकवली की आपणहून खाली येई, म्हणून तिला एक टेकू लावलेला असे. हातभर लांबीचा, जाड, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला लाकडाचा तुकडा. आत्याला कळायला लागल्यापासून तो तिथंच होता. त्याच्याकडे कुणी वेगळं असं बघत नसे, जसं कुणी दाराच्या बिजागरीकडे बघत नाही. हात चालू होता म्हणून तिनं त्याच्याही टोप्या घासल्या. काळं निघालं, खाली पितळ निघालं, आणि पितळावर अक्षरं निघाली: मार्ग सात, पायथा ते पाण्याची टाकी.

आत्यानं फडकं बाजूला ठेवलं आणि वहिनीला हाक मारली. मोठ्यानं नाही. म्हणूनच वहिनी इस्त्री तशीच सोडून लगेच आली.

नणंद-भावजयीचं सूत आजवर कितीदा तुटलं याचा हिशेब घरात कुणी ठेवला नव्हता. वहिनी ट्रामच्या नियंत्रण कक्षात. कुठली गाडी किती उशिरा आहे हे तिला पडद्यावर दिसतं, आणि उशिराचं कारण बहुतेक वेळा ‘वरच्या तारेचं काम’ असतं. म्हणजे घरात ज्या दोघींचं पटत नव्हतं, त्यांचं कामावरही पटत नव्हतं, फक्त तिथं त्याची नोंद होत असे. पण टोपीवरची अक्षरं वाचून दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि खूप दिवसांनी दोघींच्या मनात एकच वाक्य होतं.

ट्रामच्या कुठल्याही माणसाला तो तुकडा काय आहे हे सांगावं लागलं नसतं. सात नंबरचा मार्ग टेकडीवर चढतो तिथं गल्ली इतकी अरुंद, की रूळ एकेरीच टाकता आले. वरून एक गाडी आणि खालून एक गाडी आली, तर दोन्ही चालकांना फक्त एकमेकांची ओळख करून घेता येईल. म्हणून त्या काळी एक दंडुका असे. एकच. पायथ्याच्या सांधेवाल्याकडून, म्हणजे रुळांचा सांधा बदलणाऱ्याकडून, चालकानं तो घ्यायचा, गाडी वर न्यायची, वरच्या सांधेवाल्याला द्यायचा. खाली येणाऱ्यानं तो खाली आणायचा. दंडुका ज्याच्या हातात, गाडी त्याची. दंडुका नसेल तर खुद्द महाव्यवस्थापक गाडीत बसलेले असले तरी गाडी जागची हलायची नाही.

आणि तो दंडुका एका संध्याकाळी हरवला होता. हे तर सगळ्या शहराला माहीत होतं. या घराला जरा जास्तच माहीत होतं, कारण थोरला गेला महिनाभर रोज जेवताना तोच उतारा मोठ्यानं वाचत होता.

थोरला म्हणजे वहिनीचा नवरा, आत्याचा दादा, ट्राम कचेरीत अभिलेख विभागात. ट्रामला शंभर वर्षं होत होती आणि त्यानिमित्तचा इतिहास लिहायचं काम त्याच्याकडे आलं होतं. चारशे पानांपैकी नव्वद घोड्यांना गेली होती. सुरुवातीच्या गाड्या घोडे ओढत, आणि कचेरीनं माणसांपेक्षा घोड्यांच्या नोंदी नीट ठेवल्या होत्या. मग वीज आली, मार्गांची संख्या चौदावर गेली. मग बसचे दिवस आले आणि चौदापैकी अकरा मार्ग उखडले गेले. सात नंबर वाचला तो कुणाच्या दूरदृष्टीमुळे नाही, बस त्या गल्लीत वळत नव्हती म्हणून. हे सगळं थोरल्यानं चांगलं लिहिलं होतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं. पण त्याचं लाडकं पान होतं एकशे बारा. त्यावर चौकशी अहवालातलं वाक्य होतं: ‘दंडुक्याच्या खुंटीवर दंडुक्याऐवजी छत्री टांगलेली होती, असा बचाव सांधेवाल्याने केला, तो हास्यास्पद म्हणून फेटाळण्यात आला.’ हे वाक्य वाचून थोरला दर वेळी हसायचा. त्याचे आणि आत्याचे वडील, आबा, दर वेळी फिरायला जायचे.

तो सांधेवाला म्हणजे आज अकरा वाजता येणाऱ्या मुलाचे आजोबा.

“आबांना विचारूया,” वहिनी म्हणाली.

“विचारायचं काय त्यात,” आत्या म्हणाली. “सांगायचं. तुमची खिडकी पकडली गेली म्हणून.”

आबा सातपासून तयार होऊन बसले होते. ऐंशी वर्षांचे, छत्तीस वर्षं ट्रामचालक, आणि त्या छत्तीस वर्षांत एकही डाग नाही, असं पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात छापलेलं. शंभरीच्या दिवशी जुनी लाकडी ट्राम बाहेर निघणार होती आणि ती आबा चालवणार होते. शेजारी एक तरुण चालक उभा असणार होता, पण हात आबांचा. गणवेशाचा कोट दोनदा धुऊन आला होता.

दोघी समोर येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या हातात दंडुका, दुसरीच्या हातात फडकं. आबांनी दोन्हीकडे पाहिलं, काय झालं ते त्यांना कळलं, आणि त्यांना पहिल्यांदा जाणवली ती सुटका. लगेच मागून भीती आली, पण आधी सुटका. अठ्ठेचाळीस वर्षं ते जेवताना या खिडकीकडे पाठ करून बसत आले होते. घरातले समजत, त्यांना वारा सोसत नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी सकाळी पाऊस होता. पायथ्याच्या सांधेवाल्याच्या केबिनमध्ये त्यांनी छत्री टांगली. दंडुका तेव्हा टेकडीवर होता, त्याची खुंटी मोकळी होती, तिलाच टांगली. संध्याकाळी शेवटची फेरी करून खाली आले तेव्हा त्यांची गाडी चाळीस सेकंद लवकर आली होती. उशीर झाला तर कारणं देता येतात, लवकर आलो याला कारण काय द्यायचं, या विचारात ते केबिनमध्ये शिरले. सांधेवाला बाहेर पहार घेऊन पुढच्या गाडीचा सांधा बदलत होता. नेहमीप्रमाणे आत यायचं, दंडुका टांगायचा, छत्री घ्यायची आणि निघायचं. आत येणं आणि निघणं एवढं झालं. मधलं राहिलं. दंडुका काखेत धरून ते लख्ख उन्हात घरी आले, आणि दार उघडून आजीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं, छत्री कुठंय.

तोवर पायथ्याला अकरा गाड्या एकामागे एक उभ्या राहिल्या होत्या.

“मग परत का नाही नेलात?” वहिनीनं विचारलं. तिचा आवाज नियंत्रण कक्षातला होता.

आबा म्हणाले, त्या संध्याकाळी नेणारच होते. बूट घातले होते. तेवढ्यात शेजारचा कंडक्टर सांगत आला की सांधेवाल्याला निलंबित केलंय. आता नेला तर आपण निलंबित. सकाळी बघू म्हणाले. सकाळी चौकशी समिती बसली होती. मग वाटलं, निकाल लागू दे. निकाल लागल्यावर नेण्यात काही अर्थ उरला नाही. दरम्यान खिडकी आजीच्या हातावर पडली, आणि आजीनं समोर दिसलं ते लावलं. “तिला सगळं ठाऊक होतं,” आबा म्हणाले. “ती म्हणाली, निदान इथं तरी याचा उपयोग होऊ दे.”

इथं त्यांना थांबावं लागलं, कारण बाहेर ट्राम वळली. घर सात नंबरच्या शेवटच्या थांब्यासमोर. गाडी गोल वळसा घेऊन परत फिरते, आणि त्या वळणावर चाकं अशी किंचाळतात की या घरात दर बारा मिनिटांनी सगळे वाक्य अर्धवट सोडतात, आणि आवाज संपला की त्याच शब्दापासून पुढं बोलतात. बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटतं. घरातल्यांना याचा फायदाच झाला होता. कित्येक भांडणं त्या अर्ध्या मिनिटात थंड पडली होती.

या अर्ध्या मिनिटात थोरला आत आला, त्यानं दंडुका पाहिला, आणि आवाज संपायच्या आत तो खाली बसला.

मग दोन पक्ष पडले, आणि नेहमीचे नाही. आत्या म्हणाली, आजच सांगायचं, ते आले की लगेच. वहिनी म्हणाली, सांगायचंच, पण लग्न झाल्यावर. थोरला म्हणाला, सांगायचंच कशाला. पुस्तकाची शेवटची तपासलेली प्रत उद्या सकाळी छापखान्यात जायची होती. एकशे बारा पान बदललं तर शेवटचं प्रकरण बदलणार, शेवटचं प्रकरण बदललं तर शंभरीच्या दिवशीची गाडी जाणार, आणि शिवाय चौकशी अहवाल हा अहवाल असतो. आत्यानं विचारलं, आणि हा दंडुका काय असतो. थोरला म्हणाला, तो आत्तापर्यंत टेकू होता, त्यानं टेकूच राहावं.

पोरगी दारात उभी होती. हिचं लग्न. वय सव्वीस, आठ महिन्यांपूर्वी ट्रामचालक झालेली, आबांनंतर घरातली पहिलीच. ती कधी आली कुणाला कळलं नव्हतं.

“त्याच्या आजोबांनी चालकाची परीक्षा दिली होती,” ती म्हणाली. “त्याच वर्षी. पासही झाले होते. मला माहितीये, मला त्यांनीच सांगितलं. त्या संध्याकाळनंतर यादीतून नाव काढलं.”

 तिनं आईकडे पाहिलं.

“लग्नानंतर सांगायचं म्हणजे मी त्या घरात रोज त्यांच्यासमोर बसायचं आणि मला ठाऊक असायचं. म्हणजे दंडुका घेऊन घरी आलेली दुसरी मी.”

वहिनीनं पक्ष बदलला. जाहीर वगैरे केलं नाही. तिनं फक्त थोरल्याला सांगितलं की पुस्तकाचे ते कागद टेबलावरून उचलू नका, लागतील.

पाहुणे अकराला दोन मिनिटं कमी असताना आले. सांधेवाले आजोबा, सुनबाई म्हणजे मुलाची आई, ती इस्पितळात नर्स, आणि मुलगा. मुलगा तिकिटांची यंत्रं दुरुस्त करायचा आणि बोलणंही त्याच बेतानं, पैसे टाकल्याशिवाय काही बाहेर येत नसे. सांधेवाले शहात्तर वर्षांचे, रुंद खांद्यांचे. उजवा खांदा डाव्याहून किंचित खाली. चौकात उभं राहून एकतीस वर्षं पहार चालवली की तसा होतो.

आबा आणि ते एकमेकांना ओळखत होते असं म्हणणं कमी पडेल. आबांची गाडी चौकात येई, सांधेवाले पहार घालून सांधा बदलत, आबा दोन बोटं कपाळाला लावत, सांधेवाले मान हलवत. दिवसातून सोळा वेळा. त्यापलीकडे एक शब्द नाही. सांधेवाल्यांना वाटे, माणूस शिष्ट आहे.

चहा झाला. नर्सबाईंनी विचारलं, खिडकी बंद का, उकडतंय. आत्या म्हणाली, टेकू सापडत नाही. आबांनी घसा साफ केला आणि सांधेवाल्यांना म्हणाले, मला तुम्हाला एक गोष्ट बरेच दिवस. इथं गाडी वळली. घरातले सगळे वाट बघत गप्प बसले. पाहुण्यांना वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं. नर्सबाई उठून त्यांची नाडी बघायला लागल्या. आवाज संपल्यावर आबा “सांगायची होती” म्हणाले, पण हात नर्सबाईंच्या हातात असल्यामुळे त्यांना पुढचं सुचेना. दुसऱ्या खेपेला ते हवामानावर गेले. तिसऱ्या खेपेला शंभरीवर. थोरल्याला आशा वाटू लागली.

मग आबा उठले, आत गेले, आणि परत येऊन त्यांनी दंडुका टेबलावर ठेवला. घासलेलं पितळ सांधेवाल्यांच्या बाजूला करून.

“हा मी नेला होता,” ते म्हणाले. “चुकून नेला. परत दिला नाही, ते चुकून नाही.”

सांधेवाल्यांनी तो उचलला. वजन जोखलं, उलटा केला, टोपीवर अंगठा फिरवला. नर्सबाई काय आहे, काय आहे विचारत होत्या. मुलानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, बहुधा त्याचं त्या दिवसातलं सगळ्यात लांब वाक्य, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

सांधेवाल्यांनी पहिलं विचारलं ते असं: “छत्री तुमची होती?”

आबांनी मान हलवली.

“चांगली होती,” सांधेवाले म्हणाले. “कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा कचेरीनं माझ्याच गळ्यात बांधली. चौदा वर्षं वापरली.”

आत्याला हसू आलं आणि तिनं ते चहाच्या कपात लपवलं. सांधेवाल्यांनी ते पाहिलं, आणि चालवून घेतलं. पण नर्सबाईंना हसू येत नव्हतं. त्या म्हणाल्या, आमच्या घरात ही गोष्ट कशी सांगतात माहितीये का तुम्हाला. सासूबाईसुद्धा चेष्टा करायच्या. काही हरवलं की म्हणायच्या, बघा, त्याची छत्री झाली असेल. बायकोचाही विश्वास नाही बसला यांच्यावर. त्या बोलत होत्या तोवर सांधेवाले खाली बघत होते, आणि थोरल्याला ते लाडकं वाक्य टेबलावरच्या कागदांतून आपल्याकडे बघतंय असं वाटू लागलं. महिनाभरात पहिल्यांदाच त्याला ते विनोदी वाटेना.

आबा म्हणाले, तुम्ही सांगाल ते. लग्न नको म्हणालात तरी.

“लग्न त्या दोघांचं आहे,” सांधेवाले म्हणाले. “त्यात आपण कशाला रूळ टाकायचे.”

मग ते बराच वेळ बोलले. मोठ्यानं नाही. परीक्षेचं सांगितलं. यादीत सहावा नंबर होता. गणवेशाचं मापसुद्धा घेऊन झालं होतं. पुढं नऊ दिवस, नवीन दंडुका घडवून येईपर्यंत, एक इन्स्पेक्टरच दंडुका झाला होता. तो ज्या गाडीत बसेल तीच चढायची, तीच उतरायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो माणूस टेकडी चढत-उतरत राहिला, आणि दर खेपेला पायथ्याशी आला की निलंबित होऊन समोर बाकावर बसलेल्या सांधेवाल्यांकडे बघून विचारायचा, काय रे, सापडला का छत्रीत. हे सांगताना ते स्वतःच थोडं हसले. हसून झाल्यावर म्हणाले, चौकात रोज तुमची गाडी यायची. मी सांधा बदलायचो. दर वेळी वाटायचं, आत उभं राहून कसं दिसत असेल.

हे वाक्य आबांना चाळीस सेकंदांपेक्षा फार लांब वाटलं.

पोरीनं विचारलं, आजोबा, तुम्हाला काय हवं.

सांधेवाल्यांनी थोरल्याकडे बोट केलं. पुस्तक हेच लिहितात ना. थोरला म्हणाला, हो, पण इतिहासाला आधार लागतो, तोंडी सांगण्यावर कचेरी. पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. सांधेवाल्यांनी दंडुका उचलून त्याच्या कागदांवर ठेवला, एकशे बारा पानावर बरोबर, जड टोपी खाली करून.

थोरल्यानं पेन काढलं. तो वाईट माणूस नव्हे. फक्त त्याला घोड्यांची सवय झाली होती. त्यांच्यापैकी कुणी चहाला येत नाही.

“फार नको,” सांधेवाले म्हणाले. “तुमच्या वडिलांबद्दल काय लिहायचं ते तुम्ही बघा. माझ्याबद्दल एवढंच. खुंटीवर छत्री होती.”

थोरल्यानं लिहिलं. मग आबांनी स्वतःहून सांगितलं की शेवटच्या प्रकरणातलं ते ‘एकही डाग नाही’ काढ. थोरला म्हणाला, काढलं तर ओळ रिकामी राहते. आबा म्हणाले, राहू दे, लोकांना वाटेल छपाईचा दोष.

शंभरीच्या गाडीचं कुणी काढलं नव्हतं. ते वहिनीनं काढलं. ती म्हणाली, शेजारी तरुण चालक उभा राहणारच आहे, तो आपल्या पोरीला करता येईल, मी बोलते. आणि हात कुणाचा हे काही परिपत्रकात नाही. ती सांधेवाल्यांकडे बघत होती. आत्या म्हणाली, वहिनी, तुम्ही नियमातली फट शोधलीत, आज तारखेला खूण करायला हवी. वहिनी म्हणाली, वन्सं, तुम्ही वरच्या तारेकडे लक्ष द्या, त्या दिवशी तरी गाडी अडायला नको.

सांधेवाले लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांनी आबांकडे पाहिलं. कोट तिथंच खुर्चीच्या पाठीवर होता.

“आणि तुम्ही?” त्यांनी विचारलं.

आबा म्हणाले, मी बघेन. फुटपाथवरून.

“बघायला माणसं पुष्कळ येतील,” सांधेवाले म्हणाले. “चौकातला सांधा कोण बदलणार?”

बाराच्या सुमाराला सगळे रस्त्यावर आले. शेवटच्या थांब्याच्या वळणावर बाजूच्या रुळाचा एक सांधा अजून हातानंच बदलतात. पोरगी ड्युटीवरच्या माणसाशी बोलली आणि त्याच्याकडून पहार मिळवली. सांधेवाल्यांनी आबांना ती कुठं घालायची, वजन कुठं टाकायचं ते दाखवलं, आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिले. आबांनी छत्तीस वर्षं या सांध्यांवरून गाड्या नेल्या होत्या. ते बदलायला जोर लागतो हे त्यांना ठाऊक होतं, जसं समुद्र खारट असतो हे ठाऊक असतं. त्यांनी पहार घातली, दाबली. पहार निसटून दगडावर आपटली. दुसऱ्यांदा सांधा अर्धा हलला आणि परत बसला. खांद्यानं नाही, कमरेनं, सांधेवाले म्हणाले. आबांनी टोपी काढून पोरीकडे दिली.

तेवढ्यात बाराची गाडी आली आणि वळणाअलीकडे थांबली. वहिनीनं घड्याळ पाहिलं. ही दोन मिनिटं उद्या तिलाच लिहावी लागणार होती, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हे तिला अजून सुचलं नव्हतं. गाडीच्या खिडकीतून एका बाईनं डोकं बाहेर काढलं. पहारीला लोंबकळणाऱ्या म्हाताऱ्याकडे तिनं थोडा वेळ पाहिलं आणि जवळ उभ्या असलेल्या सांधेवाल्यांना विचारलं, हे काय चाललंय.

“नवीन आहे,” सांधेवाले म्हणाले. “शिकेल.”